धोंड्याला आलेला जावई

११ जून १९९६, मंगळवार. बारामती

मामा जेवताना इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, भांडणं मिटवायला शिकायला पुण्याला कशाला गेलीस, आमच्या आळीत राहिली असतीस तर एव्हाना पास झाली असतीस. मामी पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. आतून चांगलीच चिडले होते — आणि मग चिडल्याची लाज वाटली. महिनाभर याच्याच घरी जेवायचंय!

पण सांगायचं तरी कसं? कारखान्यातले, कचेऱ्यांमधले संघर्ष कसे हाताळायचे, माणसं वेगवेगळ्या संस्कृतींमधली असतील तर काय करायचं — असं दोन वर्षांचं मास्टर्स. पहिलं वर्ष झालं. आता इथल्या एका डेअरीत जाऊन एक खरं भांडण शोधायचं, दोन्ही बाजू ऐकायच्या, मिटवायचा प्रयत्न करायचा आणि अहवाल लिहायचा. गावी, कोऱ्हाळ्याला, आईला हे समजावलं तेव्हा ती सगळं ऐकून म्हणाली, 'म्हंजी वकील न्हाय.' तिचा चेहराच पडला. बापूंनी मात्र गावात सांगून टाकलंय की पोरगी मॅनेजर होणार. मी दुरुस्त करत नाही.

१२ जून, बुधवार

भांडण शोधावं लागलं नाही. टाइम ऑफिसमधल्या सोपाननं पहिल्या चहालाच ते माझ्यापुढं वाढून ठेवलं.

दुधाच्या पिशव्यांचे रिकामे क्रेट गाड्यांमधून परत येतात. ते धुऊन पॅकिंगला द्यायचे. धुणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे, इंदापूरकडचे, पूर्वी मेंढरं राखणारे. पॅकिंगचा सुपरवायझर दीपक, अंथुर्ण्याचा, डिप्लोमा झालेला, तिशीच्या आतला. तो यांना घालूनपाडून बोलतो, हे मग मुद्दाम हळू धुतात, पहाटेच्या गाड्या उशिरा सुटतात. मॅनेजर वैतागलाय.

'आन् गंमत सांगू का,' सोपान म्हणाला, 'धुणाऱ्यांत म्होरक्या दत्तोबा हाय न्हवं, त्यो दीपकचा सासरा.'

सोपान दत्तोबांच्याच गावचा, वरकुट्याचा, म्हणून त्याला सगळं ठाऊक. दत्तोबांनी कळप विकला तेव्हा जावयानंच शब्द टाकून त्यांना इथं चिकटवलं. धुणारे चौघंजण इथंच एका खोलीत राहतात, सुट्टीला गावाकडं जातात. म्हणजे घरी जावयाचा मान ठेवायचा आणि इथं त्याच्याच शिव्या खायच्या! ऐकून मला एकदम आनंद झाला. असली केस वर्गात कुणालाच मिळणार नाही. आनंद झाला हे इथंच लिहिते, बाहेर कुणाला सांगण्यासारखं नाही.

१४ जून, शुक्रवार

दीपक भरभरून बोलला. खुर्ची पुढं केली, थंडा मागवला, दर वाक्याला मॅडम. म्हणाला, ही माणसं रानात वाढलेली, यांना गोड बोलून कामं होत नाहीत. सासऱ्यांबद्दल विचारलं तर हसला. 'गेटच्या आत मला कुणी सासरा न्हाय.' मला ते फार आधुनिक वाटलं.

दत्तोबा रबरी बूट घालून पाण्यात उभे होते. विचारलं, दीपकबद्दल काही तक्रार आहे का? म्हणाले, 'पाव्हण्यांची कसली तक्रार.' पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर हातातल्या क्रेटकडं बघत म्हणाले, 'ताई, लेक दिलीया त्यांच्या घरी.'

मी लिहून घेतलं — 'उत्तर देणं टाळतात.' खरं तर मला याचा अर्थ पक्का माहीत आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झाल्यापासून बापू तिच्या सासरी पाणीसुद्धा बिचकत पितात. पाटलाशी भांडणारा माणूस, पण व्याह्यांच्या ओट्यावर शाळेतल्या पोरासारखा बसतो. हे माहीत असून काय करायचं? आमच्या प्रश्नावलीत त्याला जागा नाही.

१७ जून, सोमवार

आजपासून अधिक महिना. मामीनं अनारशाचे तांदूळ भिजत घातलेत. तिची लेक-जावई धोंड्याला येणार म्हणून घरात नुसती धांदल.

आणि आज योहानाबाई आल्या! हॉलंडच्या. सहा महिने आमच्या इन्स्टिट्यूटला शिकवायला आल्यात — दोन संस्कृतींमधले संघर्ष हाच त्यांचा विषय. तीन आठवडे रेस्ट हाउसवर राहून माझं काम बघणार. साठीच्या, उंच, त्या चालायला लागल्या की मला शेजारी पळावं लागतं. त्यांच्याशी इंग्रजीत आणि डेअरीतल्यांशी मराठीत, अशी दिवसभर माझी जीभ दोन्हीकडं.

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, हे दोघं समोरासमोर कधी बोललेत का? नाही म्हटलं. मग मीटिंग घे, म्हणाल्या. खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नको, ज्यानं त्यानं स्वतःचं म्हणणं स्वतः सांगायचं. त्यांच्याकडं बाप-लेक काय नि साहेब-कामगार काय, तोंडावर सांगतात आणि संध्याकाळी एकत्र बसून बिअर पितात. मग थांबल्या. म्हणाल्या, 'पण इथं याला काही अडचण असेल तर तूच सांग. तू इथली आहेस.'

मी म्हटलं, काही अडचण नाही.

का म्हटलं? कारण अडचण सांगायची तर 'लेकीचा बाप' म्हणजे काय हे इंग्रजीत सांगावं लागलं असतं. आपण किती मागासलेले दिसू, या विचारानं तोंड उघडायच्या आधीच लाज वाटायला लागली होती. त्यांनी काही हिणवलं नव्हतं. माझं मीच सगळं.

१९ जून, बुधवार

मामीला सहज सांगितलं, उद्या डेअरीत सासरा-जावयाची मीटिंग आहे. ती लाटणं धरून माझ्याकडं बघतच राहिली.

'जावयाला आन् सासऱ्याला समद्यांम्होरं समोरासमोर बसवणार? आगं, मधी कुणीतरी मानूस घालायचं आसतं. ह्याचं ऐकायचं, त्याला निम्मंच सांगायचं. समदं सांगून मिटतं व्हय कुठं?'

मी म्हटलं, मामी, याला शास्त्र असतं. ती पुन्हा लाटायला लागली. म्हणाली, आसंल बाई.

२० जून, गुरुवार

झाली मीटिंग. 

कँटीनमध्ये गोलात खुर्च्या मांडल्या. दीपक ऐसपैस बसला. दत्तोबा खुर्चीच्या काठावर, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. दीपक बोलला, इतर धुणारे थोडंफार बोलले, दत्तोबा गप्प. मग मी शिकवल्याप्रमाणे केलं. त्यांच्याकडं वळले, आवाज मऊ केला, म्हटलं, आबा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा, इथं कुणी रागावणार नाही. ते गप्प. मीही गप्प. आपण गप्प राहिलं की समोरचा आपोआप बोलतो असं आम्हाला शिकवलंय. आणि ते खरंच तसं आहे.

ते उठले. जावयाकडं सरळ बघितलं.

'तू मानसाला मानूस समजत न्हाईस,' म्हणाले. 'हितंबी न्हाय आन् घरातबी न्हाय. तुझ्या दावणीला जनावर आसतं तर मी सोडवून आणलं आसतं.'

तू! ज्याला आजवर पाव्हणं आणि तुमी, त्याला चारचौघांत तू! सोपान चहाची किटली धरून तसाच उभा. दीपकचा चेहरा काळाठिक्कर पडला. योहानाबाई माझ्याकडं बघायला लागल्या — काय म्हणाले ते? मी सांगितलं, योग्य तो आदर मिळत नाही असं यांना वाटतं. घराचं गाळलं. विषय डेअरीचा, त्यात घर कशाला! जनावराचंही गाळलं. बाईंनी मान डोलावली आणि दत्तोबांना 'थँक यू' म्हणाल्या.

दीपक चहा न घेता उठून गेला. दत्तोबांनी टोपी घातली आणि क्रेट धुवायला गेले.

२१ जून, शुक्रवार

गाड्या वेळेवर सुटल्या! मॅनेजर स्वतः खुर्चीतून उठून मला शाबासकी द्यायला आला. योहानाबाई म्हणाल्या, वर्षभर गप्प असलेल्या माणसाला तू बोलतं केलंस. आज दिवसभर मी जमिनीच्या दोन बोटं वरून चाललेय.

२४ जून, सोमवार

सोपान सुट्टीहून गावाकडनं आला. आल्या आल्या म्हणाला, दत्तोबाची रतन म्हायेरी येऊन बसलीया, पोराला घेऊन. रतन म्हणजे दत्तोबांची लेक, दीपकची बायको.

'का?' मी विचारलं.

'आता का म्हणून काय इचारता. मिटिंगीचं लागलं आसणार पाव्हण्याला.'

सासऱ्यानं भर सभेत अरे-तुरे केलं, जावयानं बायकोला बापाच्या दारात नेऊन सोडलं. याहून सोपं गणित नाही. कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं असंच होणार म्हणून. मामीनं न विचारताच सांगितलं होतं. आणि मी शुक्रवारी पाठ थोपटून घेतली, शनिवारी नवी साडी नेसून योहानाबाईंबरोबर इंदापूरला हिंडले!

२५ जून, मंगळवार

दीपककडं गेले. तो आरशात बघून भांग पाडत होता. मीटिंगमुळंच का, असं विचारलं तर त्यानं कंगवा खिशात ठेवला. मग म्हणाला, 'सासऱ्यानं चारचौघांत इज्जत घेतली मॅडम. म्हणलं, मग लेकबी ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच.'

मी माफी मागितली. हात जोडून. मीटिंग माझी, बोलायला मी लावलं, त्यांच्यावर राग धरू नका. तो म्हणाला, तुमचा काय दोष मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय माहीत आमच्याकडच्या रीती. असा काही चांगुलपणानं म्हणाला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मला सगळ्या रीती माहीत होत्या.

२७ जून, गुरुवार

मामीला अजून सांगितलं नाही. पण तिला कळलंय. जेवताना तिनं फक्त, कालवणात मीठ जास्त झालंय का, एवढंच विचारलं.

३० जून, रविवार

वरकुट्याला जाऊन आले. इंदापूरपर्यंत एसटी, पुढं जीपच्या मागच्या फळीवर. योहानाबाईंना म्हटलं, घरचं काम आहे.

दत्तोबा सुट्टीला आलेले होते. पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या, कळपातलं तेवढंच उरलंय. त्यांच्या बायकोनं, भामाबाईनं, घोंगडं अंथरलं. मी बसले आणि सरळ माफीच मागितली. माझ्यामुळं तुमच्या लेकीचा संसार मोडायला आला, मी तुम्हाला बोलायला लावायला नको होतं — असं काहीबाही म्हणाले आणि मला रडूच आलं. दत्तोबा माझ्याकडं बघत राहिले. भामाबाई म्हणाली, 'तुमचा काय दोष न्हाय बाई त्यात.' समजूत घालतेय, दुसरं काय म्हणणार बिचारी.

मग मनात योजलेलं बोलले. अधिक महिना चालू आहे, जावयाला धोंड्याला बोलवा. धोंड्याचं आमंत्रण कुठला जावई नाकारेल? तो येईल, मानपान होईल, जाताना रतनला घेऊन जाईल. कुणी कुणापुढं नमलं असं होणार नाही. हे तर दर तीन वर्षांनी सगळ्याच घरांत होतं. बोलता बोलता माझं मलाच बरं वाटायला लागलं. गोलातल्या खुर्च्या चुकल्या, आता आपल्या पद्धतीनं करायचं. मधलं माणूस आता मी.

भामाबाईनं ते लगेच उचलून धरलं. धाकट्या लेकीचं लग्न व्हायचंय, थोरली घरी बसली तर तिला कोण विचारणार? दत्तोबा घोंगड्याची दशी वळत होते. मग म्हणाले, 'तुमी बोलाल का त्यांच्यासंगं? आदी?'

मी म्हटलं, बोलेन, नीट सगळं बोलून घेईन.

'समदं?'

सगळं, म्हटलं. ते उठून शेळ्यांकडं गेले.

रतन सगळा वेळ चुलीपाशी होती. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान असेल. मुलगा कडेवर घेऊन मला जीपपर्यंत पोचवायला आली. रस्ताभर मीच बोलत होते — राग विसरावा, धीर धरावा, दीपक मनानं वाईट नाहीत. ती एकदाच बोलली, तुमचं लगीन झालंय का ताई? नाही म्हटलं. 'शिका,' म्हणाली. तेवढ्यात जीप आली.

२ जुलै, मंगळवार

दीपकशी बोलले. सासरे बोलवायला येतील, मान ठेवा, झालं गेलं विसरा. तो म्हणाला, आपण काय दगड न्हाय मॅडम. पण दत्तोबांनी स्वतः अंथुर्ण्याला येऊन आमंत्रण द्यायचं, आणि सगळं रीतीनं व्हायला पाहिजे, पाय धुण्यापासून. मी हो म्हणून टाकलं. किती सहज झालं! उगाच घाबरत होते.

४ जुलै, गुरुवार

दत्तोबा कामावरून सुट्टी घेऊन अंथुर्ण्याला जाऊन आले. सोपान सांगत होता, दीपकनं तासभर ओट्यावर बसवून ठेवलं. मला कसंसंच झालं. पण आमंत्रण घेतलं. मामीला अखेर सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'आता कसं शाण्यावानी केलंस.' इतक्या दिवसांनी तिनं मला पाटावर बसवून स्वतःच्या हातानं वाढलं. चार घास जास्तच खाल्ले.

७ जुलै, रविवार

योहानाबाईंनाही घेऊन गेले. आता लपवण्यासारखं काय होतं? कॅमेरा घेऊन आल्या. अख्खं वरकुटं त्यांना बघायला गोळा झालेलं.

दीपक मोटरसायकलवरून आला, कडक इस्त्रीचे कपडे. दारात पाट मांडला. तो पाटावर उभा राहिला. भामाबाईनं तांब्यातून पाणी ओतलं आणि दत्तोबांनी खाली बसून जावयाचे पाय धुतले. आधी एक, मग दुसरा. मग खांद्यावरचा नवा टॉवेल काढून पुसले. रीतच आहे ती, अधिकात घरोघर होते. मामीकडं मामानंही केलं. पण मामा तेव्हा जावयाच्या पायाला गुदगुल्या करत होता, सगळे हसत होते. इथं कुणी हसलं नाही. दीपक मान ताठ करून समोर बघत होता आणि दत्तोबा पाय पुसून झाले तरी तसेच बसून राहिले. योहानाबाईंनी पटापट फोटो काढले. मी त्यांना सांगत होते, जावयाला विष्णू मानतात. आणि माझे कान लाल झाले होते. का ते कळेना.

पुरणाचे धोंडे, तूप, अनारसे, तांब्याचं ताम्हन, दिवा, पँटशर्टचं कापड. सगळं रीतीनं झालं. दीपक पोटभर जेवला. दत्तोबा वाढत होते.

निघायच्या वेळी रतन आत होती. भामाबाई दोनदा हाक मारून आली. मग मी गेले. ती मुलाला कुंची बांधत होती, बांधून सोडून पुन्हा बांधत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, 'तुमी बोललाय न्हवं ताई त्यांच्यासंगं?'

'हो, बोललेय,' मी म्हटलं.

'मग जाते.'

आणि गेली. मोटरसायकलवर मुलाला मध्ये घेऊन बसली. वळणापर्यंत दिसत होती. दत्तोबांनी माझ्यापुढं हात जोडले. मी म्हटलं, आबा, असं करू नका. पण आतून इतकं हलकं वाटलं! दोन आठवड्यांची लाज एका जेवणात धुऊन निघाली.

८ जुलै, सोमवार

योहानाबाई खूश. म्हणाल्या, पुस्तकातली पद्धत फसली तिथं तू तुझ्या संस्कृतीतली पद्धत शोधलीस, अहवालाचा गाभा हाच ठेव. मग आमच्या जेवणाची ताटं यायच्या आधी सहज विचारलं, 'आणि त्या मुलीचं काय म्हणणं होतं?'

मी म्हटलं, ती खूप आनंदात आहे.

विचारलं होतं का मी तिला? नाही. पण आनंदात नसायला काय झालं? नवऱ्याच्या घरी परत गेली. योहानाबाईंना इथलं कळत नाही, त्यांना प्रत्येकाचं स्वतंत्र म्हणणं लागतं. तरी उत्तर देताना मी त्यांच्याकडं न बघता पाण्याच्या ग्लासाकडं बघत होते, हे लिहून ठेवते.

१३ जुलै, शनिवार. पुणे

परत आले. निघताना मामीनं अनारशाचा डबा दिला. मामा म्हणाला, आता आमच्या आळीतली घे की हातात एखादी केस. या वेळी चिडले नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

सेमिनार झाला. भरगच्च हॉल. भिंतीवर फोटो टाकले — गोलातल्या खुर्च्या, क्रेट, आणि शेवटी दत्तोबा दीपकचे पाय पुसताना. भिंतीएवढे मोठे दत्तोबा, वाकलेले, मानेची हाडं दिसताहेत. कुणीतरी मागून 'वा' म्हणालं. मला एकाएकी इतकी शरम वाटली की पुढची दोन वाक्यं विसरले. त्यांना विचारलं नव्हतं मी, फोटो दाखवू का म्हणून. कुणालाच काही विचारत नाही मी, नुसते प्रश्न विचारत सुटते.

टाळ्या खूप पडल्या. अहवाल योहानाबाई हॉलंडच्या परिषदेला नेणार आहेत. बापूंना फोन केला. त्यांनी गावात पेढे वाटले म्हणे. पोरीनं मोडता संसार जोडला!

१४ ऑगस्ट, बुधवार. बारामती

डेअरीच्या दाखल्यावर सही घ्यायला आले होते. गेटवर दत्तोबा भेटले. म्हणाले, पंचमीला रतनला आणायला जायचंय, दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. मी म्हटलं, मीटिंगचा राग अजून गेला नसेल त्यांचा.

ते माझ्याकडं बघतच राहिले. 'मिटिंगीचं काय त्यात? ती तर आदल्या ऐतवारीच आली हुती. तिची ती. पोराला काखंत मारून निम्मी वाट चालत. तोंड सुजलं हुतं. म्हणून तर त्या दिवशी बोललो मी.'

त्यांनी टोपी सारखी केली, जवळ आले आणि हळू विचारलं, 'तुमी समदं बोलून घेतलंय म्हणून धाडली पोर. पुन्यांदा हात उचलणार न्हाय, आसं म्हणला हुता न्हवं त्यो तुमच्याम्होरं?'

मी हो म्हणाले.